‘तोकडा’ म्हणजे नेमका किती कमी?

प्रश्न थोडक्यात असा: ‘तोकडा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? ‘कमी’, ‘अपुरा’, ‘तुटपुंजा’ हे शब्द हाताशी असताना तो वेगळा कशाला हवा? आणि ‘प्रयत्न तोकडे पडले’ असं लिहावं की ‘प्रयत्न कमी पडले’? सोबत एक वाक्यही दिलं आहे: ‘निधी पाच लाखांनी तोकडा पडला.’ हे वाक्य कानाला खटकतं, पण चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं आहे.

कान बरोबर आहे. त्या वाक्यात ‘कमी’ हवं: ‘निधी पाच लाखांनी कमी पडला.’ का, ते पुढे येईलच. मी बरीच वर्षं संपादन आणि मुद्रितशोधन करतो. माझ्यासमोर येणाऱ्या मजकुरात हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास बसवलेले असतात. लिहिणाऱ्याला वाटतं, अर्थ तर एकच आहे, आलटून पालटून वापरले की भाषा सजते. पण हे शब्द समानार्थी नाहीत. प्रत्येकाचं माप वेगळं आहे, आणि ते माप कळलं की कुठला शब्द कुठे हे फारसं शिकवावं लागत नाही.

‘तोकडा’ समजून घ्यायचा तर त्याला ‘आखूड’च्या शेजारी उभं करावं. दोन्ही शब्द लांबीबद्दल बोलतात. ‘आखूड’ नुसती लांबी सांगतो. आखूड दोरी, आखूड केस, आखूड बाही. यात तक्रार असेलच असं नाही. उलट आपल्याकडे ‘आखूडशिंगी, बहुदुधी’ अशी म्हणच आहे. म्हणजे शिंगं आखूड असणं हा गाईचा गुण झाला. आता तिथे ‘तोकडी शिंगं’ म्हणून बघा. लगेच वाटतं की या गाईला शिंगं मोठी असायला हवी होती, पण वाढली नाहीत. एका शब्दाने गुणाचा दोष झाला. ‘तोकडा’ लांबी सांगत नाही, तो पोच सांगतो. कुठवर पोचायला हवं होतं हे आधी ठरलेलं असतं आणि वस्तू तिथवर पोचलेली नसते.

म्हणून ‘तोकडा’ म्हटलं की उघडं राहिलेलं काहीतरी डोळ्यांसमोर यायलाच हवं. अंथरूण तोकडं आहे म्हणजे पाय बाहेर आहेत. धोतर तोकडं आहे म्हणजे पोटऱ्या दिसतात. एरवी ती वस्तू धडधाकट असते. अंथरूण फाटलेलं नाही, धोतर विटलेलं नाही, फक्त झाकायचं ते सगळं त्याने झाकलं जात नाही. लाक्षणिक वापरातही हेच चित्र मागे उभं असतं. ‘तालुक्याच्या मानाने रुग्णालयातलं मनुष्यबळ तोकडं आहे’ या वाक्यात असलेले कर्मचारी नालायक आहेत असं कुणी म्हणत नाही. गावं उरतात, रुग्ण उरतात, तिथवर हात पोचत नाही, एवढंच म्हणणं आहे. ‘त्याचं इंग्रजी तोकडं आहे’ म्हणजे इंग्रजी येतं, पण जिथे बोलायची वेळ येते तिथवर ते नेत नाही. आणि याच कारणाने ‘तोकडी चूक’, ‘तोकडा आजार’, ‘तोकडं नुकसान’ असं होत नाही. चुकीने कुठे पोचावं अशी कुणाची अपेक्षा नसते. ती लहान असते, किरकोळ असते, तोकडी नसते.

कपड्यांच्या बाबतीत मात्र या शब्दाला एक वास चिकटला आहे, तो लक्षात ठेवलेला बरा. ‘तोकडे कपडे’ लिहिलं की कपड्याने किती झाकायला हवं हे लिहिणाऱ्याने मनात ठरवून टाकलेलं असतं. बातमीत ‘तोकड्या कपड्यांतील तरुणी’ असं आलं की ती बातमी राहत नाही, बातमीदाराचं मत होतं. कपड्याची लांबी सांगणं खरोखर गरजेचं असेल तर ‘आखूड’ आहे, ‘गुडघ्यापर्यंतचा’ आहे. बहुतेक वेळा गरजच नसते, आणि मी तो शब्द काढून टाकतो. गंमत म्हणजे धावपटूच्या चड्डीला कुणी तोकडी म्हणत नाही. ती आहे तेवढीच हवी असते.

आता त्या पाच लाखांकडे. ‘तोकडा’ हा मोजणारा शब्द नाही. लांबीच्या बाबतीत मोज चालते, कारण तो मुळात लांबीवर रुळलेला शब्द आहे: ‘कापड चार बोटं तोकडं आलं’, ‘शिडी हातभर तोकडी पडली’. पण पैसा, माणसं, गुण, धावा यांचा नेमका आकडा आला की ‘तोकडा’ अवघडतो. ‘दोन गुणांनी तोकडा पडला’, ‘तीन हजारांनी तोकडा पगार’, ‘सहा धावांनी संघ तोकडा पडला’, यातलं एकही वाक्य मराठी माणूस बोलताना म्हणत नाही. आकडा असेल तर ‘कमी’. ‘कमी’ला पूर्ण मापाची, पोचण्याची, उघडं राहण्याची काही पडलेली नसते, तो दोन संख्या शेजारी ठेवतो आणि वजाबाकी करतो. म्हणून ‘सहा धावांनी कमी पडला’ सरळ बसतं. आकडा टाकायचा नसेल, आवाका सांगायचा असेल, तर ‘तोकडा’: ‘एवढ्या मोठ्या कामाला हा निधी तोकडा आहे.’

या वाक्यातला ‘कामाला’ बघा. ‘तोकडा’ एकटा फिरत नाही. कशाला तोकडा, कशापुढे तोकडा, कशाच्या मानाने तोकडा, हे वाक्यात कुठेतरी असावं लागतं. निदान मागच्या वाक्यात तरी. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं इथे बरंच काम करतात. ‘त्याला अंथरूण तोकडं पडतं’ यात ज्याची गरज आहे त्याला ‘ला’ लागतो. ‘महागाईपुढे पगार तोकडा पडतो’ यात ‘पुढे’ आला की सामना उभा राहतो. पगार आणि महागाई समोरासमोर. ‘कामाच्या मानाने मोबदला तोकडा’ यात तराजू आहे. आणि नुसतंच ‘शासनाची मदत तोकडी आहे’ असं लिहिलं तर वाचक विचारणारच: कशाच्या मानाने? पेरणीच्या खर्चाच्या, की झालेल्या नुकसानीच्या? बातमीत हे वाक्य आलं की मी लेखकाला हाच प्रश्न परत पाठवतो. उत्तर आलं तर वाक्य सुधारतं. उत्तर नसेल तर कळतं की ‘तोकडी’ हा शब्द केवळ सुरात सूर म्हणून आला होता.

दुसरा भाग ‘पडणे’चा. ‘तोकडा असणे’ आणि ‘तोकडा पडणे’ यांत फरक आहे, आणि तो फार वापरला जातो. कधी नकळत, कधी कळून सवरून. ‘असणे’ स्थिती सांगतं. ‘पडणे’ आलं की काहीतरी घडलं, कसोटीची वेळ आली, आणि तेव्हा उणेपण उघड झालं. कमी पडणे, अपुरा पडणे, थिटा पडणे, सगळीकडे हेच. ‘प्रयत्न तोकडे होते’ या वाक्यात ठपका आहे; करायला हवे होते तेवढे केलेच नाहीत. ‘प्रयत्न तोकडे पडले’ या वाक्यात सहानुभूती आहे. केले, मनापासून केले, पण समोरचं संकट मोठं होतं. ‘प्रयत्न कमी पडले’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतं आणि तिथे ‘आणखी थोडे केले असते तर जमलं असतं’ अशी शक्यता शिल्लक राहते. तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं की तिन्ही बरोबर आहेत, पण तुम्हाला कुणाला जबाबदार धरायचं आहे ते आधी ठरवा.

सरकारी निवेदनात ‘यंत्रणा तोकडी पडली’ हे वाक्य इतकं लोकप्रिय का आहे, ते आता कळेल. यंत्रणा आपोआप तोकडी पडते, जशी संध्याकाळ पडते. ती तोकडी कुणी ठेवली, पदं किती वर्षं रिकामी होती, हे वाक्याच्या बाहेर राहतं. व्याकरणात काही चूक नाही. म्हणूनच अशा वाक्यावर लाल खूण करण्याऐवजी मी त्याच्या पुढे एक वाक्य मागतो: किती पदं मंजूर, किती भरलेली? आकडे आले की पुढच्या वाक्यात ‘कमी’ आपसूक येतो.

माणसाबद्दल ‘तोकडा’ चालतो का, हेही पुष्कळ जण विचारतात. ‘मी तोकडा पडलो’ चालतं. त्यात माझी ताकद, माझी समज तिथवर पोचली नाही असा अर्थ आहे, आणि थोडी नम्रताही. पण ‘तोकडा माणूस’ म्हणून उंची सांगता येत नाही. त्याला ठेंगणा, बुटका हे शब्द आहेत. ‘थोटा’ हा दिसायला जवळचा वाटणारा शब्द तर निराळाच. हात तुटलेल्या माणसाला तो म्हणतात, आणि आज लिहिताना टाळलेलाच बरा.

‘थिटा’ आणि ‘खुजा’ हे उंचीचे. तोकडा आडवा मोजतो आणि थिटा उभा, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ‘शब्द थिटे पडतात’ हे आपण म्हणतो, कारण तिथे समोरची गोष्ट उंच आहे, भव्य आहे, आणि शब्द तिच्या खांद्यालाही लागत नाहीत. ‘शब्द तोकडे पडतात’ हेही ऐकू येतं आणि चूक नाही, पण त्यात भव्यता नाही. सांगायचं खूप आहे आणि शब्दसंग्रह पुरत नाही, एवढंच. ‘खुजा’मध्ये तुच्छता आहे. ‘खुजं नेतृत्व’ असं लिहिणाऱ्याने आपण टीका करतो आहोत हे मान्य करूनच लिहावं.

आता ‘अपुरा’. हा या घराण्यातला सगळ्यात कामसू शब्द, आणि त्याची गल्लत बहुधा ‘अपूर्ण’शी होते. ‘अपूर्ण पूल’ म्हणजे बांधून संपलेला नाही, नदीच्या मध्यावर थांबला आहे. ‘अपुरा पूल’ म्हणजे बांधून झाला आहे, वाहतूकही सुरू आहे, पण एवढ्या वाहनांना तो पुरत नाही. पहिल्याला सिमेंट हवं, दुसऱ्याला दुसरा पूल. ‘अपूर्ण माहिती’मध्ये अर्जाचे रकाने कोरे असतात, ‘अपुरी माहिती’ असेल तर रकाने भरलेले असूनही निर्णय घेता येत नाही. झोप नेहमी अपुरी. अर्थात सीमारेषेवर काही वापर आहेत. ‘काम अपुरं राहिलं’ असं आपण बोलतो आणि ते अपूर्णच्या अर्थाने; ते जुनं आहे, चांगलं आहे, त्याला हात लावू नये. तसंच ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’. वैद्यकात 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेलं म्हणतात. बोलीतला शब्दप्रयोग मात्र दिवस मोजतो आणि ते भरले नाहीत असं सांगतो. ‘दिवस भरले’ हा वाक्प्रचार त्याचाच जोडीदार. ‘अधुरा’ हिंदी गाण्यांच्या वाटेने मराठीत जास्त रुळला; ‘स्वप्न अधुरं राहिलं’ आता कुणाला खटकत नाही, मलाही नाही. पण ‘अधुरा निधी’ खटकतो.

खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या ठिकाणी विशेषणाची गरजच नसते. मराठीत ‘पुरणे’ हे अप्रतिम क्रियापद आहे आणि लिहिताना आपण ते विसरतो. ‘उपलब्ध निधी अपुरा असल्याचे निदर्शनास आले’ या सगळ्या लवाजम्याऐवजी ‘पैसे पुरले नाहीत’ असं लिहिता येतं. तीन शब्द. ‘पाणी पुरत नाही’, ‘दिवस पुरत नाही’, ‘एकटा सगळ्यांना पुरून उरला’. घरात कुणी ‘भाजी अपुरी आहे’ म्हणत नाही. ‘भाजी पुरायची नाही’ म्हणतात. छापील मराठीत हे क्रियापद परत आणलं तर वाक्यं निम्म्याने हलकी होतील.

‘तुटपुंजा’ पैशाचा. त्यातली ‘पुंजी’ अजून उघड दिसते आणि वापरही तिच्याशी इमान राखून आहे: तुटपुंजा पगार, तुटपुंजं भांडवल, तुटपुंजी मदत, तुटपुंजी जमीन. साधनसंपत्तीपर्यंत तो जातो, त्याच्या पलीकडे गेला की पाय घसरतो. ‘तुटपुंजी उंची’, ‘तुटपुंजा उजेड’ नको. त्यात दया किंवा चीड यांपैकी एक काहीतरी असतंच. स्वतःच्या पगाराला तुटपुंजा म्हणता येतं. दुसऱ्याने प्रेमाने दिलेल्या वर्गणीला म्हणू नये.

‘तूट’ मात्र कोरडा, हिशेबी शब्द. त्यात भावना नाही, फक्त आकडा. खर्च जमेपेक्षा जास्त, की तूट. महसुली तूट, राजकोषीय तूट. आणि जमा जास्त असेल तर ‘शिलकी’. जलसिंचनाच्या कागदपत्रांत ‘तुटीचं खोरं’ येतं, तेही हिशेबाने. उपलब्ध पाणी आणि गरज यांची वजाबाकी. इथे एक चूक फार होते: ‘तुटीचा अर्थसंकल्प’ म्हणजे तोकडा अर्थसंकल्प असं समजून टीका केली जाते. प्रत्यक्षात तुटीचा अर्थसंकल्प सढळ हाताचाही असू शकतो. सढळ आहे म्हणूनच तूट आली असेल. आणि शिलकी अर्थसंकल्प एखाद्या खात्याच्या गरजेला अगदीच तोकडा असू शकतो. दोन मापं वेगळी आहेत. एक जमेकडे बघतं, दुसरं गरजेकडे.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो ‘उणा’. तो पूर्ण संख्येला बिलगून राहतो. पूर्ण किती ते माहीत असल्याशिवाय ‘उणे’ म्हणताच येत नाही. आपले अंकच बघा. एकोणीस म्हणजे एक उणा वीस. संस्कृतातला ‘ऊन’ त्यात दडलेला आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत आपण प्रत्येक दशकाच्या उंबरठ्यावर येऊन पुढच्या दशकाच्या मापाने बोलतो, मागच्याच्या नाही. एकोणनव्वदपर्यंत ही चाल टिकते आणि नव्याण्णवला सुटते. तिथे सरळ नऊ आणि नव्वद. ‘पाऊण’ही तसाच, पाव उणा. पावणेसहा म्हणजे सहाला पाव कमी. रोज घड्याळ बघताना आपण उणेपणात बोलतो आणि ते जाणवतही नाही. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला. मुलांना जोडाक्षरं आणि उलटसुलट क्रम जड जातो हा तिच्या बाजूचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. फक्त ‘वीस नऊ’मध्ये तिशीकडे झेपावणारा तो ‘उणा’ उरत नाही, एवढी चुटपुट लागते.

पूर्ण मापाची हीच सवय शेतीच्या कागदांत आहे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. त्या मानाने यंदा किती, ती आणेवारी. नाणी दशमान झाली तशी आणेवारीची पैसेवारी झाली, शंभर पैसे म्हणजे पूर्ण. वर्षानुवर्षं 50 पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही दुष्काळाची खूण मानली गेली. गावात अजून ‘आणेवारी’च म्हणतात. पीक ‘तोकडं आलं’ हे शेतकरी सांगतो, पैसेवारी किती ते तलाठी सांगतो. एकाच शेताबद्दलची ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

‘उणापुरा’ शब्दात मात्र सावध राहावं. ‘उणीपुरी दहा वर्षं’ म्हणजे जेमतेम दहा, थोडंफार इकडेतिकडे. तो अंदाजाचा शब्द आहे. ‘उणीपुरी 237 पानं’ असं मी छापायला आलेल्या मजकुरात पाहिलं आहे. 237 मोजल्यावर उणं काय आणि पुरं काय? आणि ‘उणंदुणं काढणे’ यात मोजमाप सुटून गेलेलं आहे. तिथे नुसतं भांडण आहे.

नामांकडे वळू. उणीव, कमतरता, टंचाई, वानवा, अभाव, त्रुटी. यांत सगळ्यात जास्त गोंधळ ‘अभाव’चा आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. अभाव म्हणजे अजिबात नसणं. ‘पाण्याचा अभाव’ आणि ‘पाण्याची टंचाई’ यांत तहानेने मरणं आणि टँकरची वाट पाहणं एवढं अंतर आहे. पण छापील मराठीत ‘अभावी’ हे अव्यय इतकं सोयीचं आहे की थोडं कमी असलं तरी ‘अभावी’ लावून मोकळे होतात. न्यायालयाच्या बातमीत तर हे फार महागात पडू शकतं. ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ असं लिहिलं तर अर्थ होतो की पुरावाच नव्हता. खटला उभा राहून निकालापर्यंत गेला म्हणजे काहीतरी पुरावा मांडला गेलेला असतो. तो गुन्हा सिद्ध करण्याइतका नसतो. म्हणून जुने, मुरलेले बातमीदार ‘सबळ पुराव्याअभावी’ लिहितात. अभाव आहे, पण पुराव्याचा नाही, सबळपणाचा. तो एक विशेषण सगळं वाक्य खरं करतो. जागा कमी म्हणून उपसंपादक नेमका तोच शब्द उडवतो. ‘पुरेशा निधीअभावी काम रखडलं’ यातला ‘पुरेशा’ही असाच, तो काढला तर तिजोरीत खडखडाट होता असं होईल.

आणि मग दुहेरी चुका. ‘मनुष्यबळाच्या कमतरतेचा अभाव’, ‘पाणीटंचाईअभावी पिकं करपली’, ‘अपुरी कमतरता’. घाईत दोन उणे एकत्र येतात आणि गणितातल्यासारखा त्यांचा अधिक होतो: कमतरतेचा अभाव म्हणजे सुबत्ताच की. वाचक वाक्य ओलांडून पुढे जातो कारण त्याला अर्थ आधीच माहीत असतो, म्हणून या चुका टिकून राहतात.

‘उणीव’ आणि ‘कमतरता’ यांत मी असा भेद करतो: जे बाहेरून आणून भरता येतं त्याची कमतरता, जे असायला हवं होतं पण नाही हे जाणवतं त्याची उणीव. औषधांची कमतरता. लोहाची कमतरता. पण गेलेल्या माणसाची उणीव भासते. श्रद्धांजलीच्या मजकुरात ‘त्यांची कमतरता कायम भासेल’ असं वाचलं की गोदामातला साठा संपल्यासारखं वाटतं. ‘कमी’चं नाम करणं, जसं ‘त्याच्यात आत्मविश्वासाची कमी आहे’, ही हिंदीची छाया. ‘त्याला आत्मविश्वास कमी आहे’ पुरेसं आहे. पण ‘कशाची कमी नाही’ हा नकारातला वापर अस्सल मराठी आहे, आणि ‘काही कमी पडू दिलं नाही’ हे तर प्रत्येक घरातलं वाक्य. तेव्हा ‘कमी’ नाम म्हणून दिसली की लगेच खोडू नका. होकारात आहे की नकारात ते बघा.

‘टंचाई’ प्रशासनाचा शब्द झाला आहे: टंचाई आराखडा, टंचाईसदृश परिस्थिती. ‘सदृश’ लावण्यात काय सोय असते ते सांगायला नको. ‘वानवा’ चांगल्या गोष्टींचीच असते, चांगल्या शिक्षकांची, दर्जेदार नाटकांची. डॉक्टरने ‘रुग्णांची वानवा आहे’ म्हटलं तर ते विनोदी होतं. ‘त्रुटी’ कागदपत्रांत आणि कायद्यांत. ती दाखवायची आणि तिची पूर्तता करायची असते.

‘कसर’ मात्र मजेचा. ‘थोडी कसर राहिली’ म्हणजे पूर्णत्वाला थोडं कमी. ‘अंगात कसर आहे’ म्हणजे ताप पुरता गेलेला नाही. ‘कसर भरून काढणे’ हे क्रिकेटच्या बातम्यांनी वापरून गुळगुळीत केलं. आणि ‘काटकसर’मध्ये हीच कसर सद्गुण होऊन बसते, इथे कमी करणं हेच काम. कपड्यांना लागणारी कसर वेगळी, तिचा या चर्चेशी संबंध नाही.

‘न्यून’ आज जोडशब्दांपुरता उरला आहे: न्यूनगंड, न्यूनाधिक. ‘न्यूनतम’ची मराठीत गरज नाही, ‘किमान’ आहे आणि कायद्यातही ‘किमान वेतन’च आहे. ‘अल्प’ हा नुसता आकार सांगतो, गाऱ्हाणं करत नाही. एक ते दोन हेक्टर जमीन असणारा तो अल्पभूधारक, ही व्याख्या झाली; त्याची जमीन त्याच्या कुटुंबाला तोकडी आहे की नाही, हे त्या शब्दात येत नाही.

राहता राहिलं लेखन. ‘तोकडा’ नेहमीच्या आकारान्त विशेषणासारखा चालतो: तोकडा, तोकडी, तोकडं, आणि सामान्यरूप ‘तोकड्या’, ‘तोकड्या मनुष्यबळावर’. भाववाचक नाम ‘तोकडेपणा’. ‘अपुरा’चं ‘अपुऱ्या’ होतं, त्यात ‘र्‍य’ असा अर्धा र लागतो, ‘अपुर्या’ चूक. ‘उणीव’मध्ये णी दीर्घ, पण अनेकवचनात आणि प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व होतो: उणिवा, उणिवेचा. ‘तूट’चंही तसंच, तुटीचा, तुटीमुळे, ‘तूटीचा अर्थसंकल्प’ असा मथळा दर अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी कुठे ना कुठे दिसतोच.